अर्ध्यावर अदलाबदल

१

कारखान्यात तिला सगळे जीभबाई म्हणत. तोंडावर नाही, पण तिला ऐकू येईल इतक्या अंतरावरून. जॅम आणि सॉस बनवणारा कारखाना तो, आणि तिथे बावीस वर्षं तिचं एकच काम होतं. पांढऱ्या खोलीत बसायचं, समोर येईल तो चमचा जिभेवर ठेवायचा आणि यात काय बिघडलंय ते सांगायचं. चांगलं काय झालंय, हे तिला कधीच कोणी विचारलं नाही. त्यामुळे तिचा स्वभाव संशयी झाला, यात तिचा काय दोष? तो जन्मजात नव्हता, पगारी होता.

नवरा चष्म्याच्या दुकानात नंबर काढायचा. दिवसभर लोकांच्या डोळ्यांत उजेड टाकायचा आणि "आता बरं दिसतंय, की मघाशी बरं होतं?" असं विचारत बसायचा. मुलगी वसतिगृहात गेल्यापासून घरात दोघंच उरली होती. एकमेकांवाचून दोघांचं पान हलत नसे, आणि हे दोघांपैकी कोणी कबूल करत नसे.

वर्षातून एकदा, तीन दिवस, दोघं गाडी काढून खायला निघत. फिरायला नव्हे, खायला. धबधबे, किल्ले, सूर्यास्त वगैरे गाडीच्या काचेतून दिसले तर दिसले. नियम ठरलेले होते. दिव्यांची पाटी असेल तिथे जायचं नाही. मालक स्वतः चुलीपाशी असेल तिथे जायचं. आधी ठरवायचं नाही, कोणाला विचारायचं नाही, गेल्या वर्षीच्या रस्त्याला पुन्हा जायचं नाही.

आणि सगळ्यात मोठा नियम ताटांचा. दोघांनी दोन वेगळे पदार्थ मागवायचे. आपलं अर्धं संपलं की चमचा पालथा ठेवून थांबायचं. दोन्ही चमचे पालथे झाले की ताटं बदलायची. एकोणीस वर्षांपूर्वी, लग्नानंतरच्या पहिल्या सहलीत, तिचं काय मागवायचं ते ठरेना आणि ती रडायच्या बेतात आली, तेव्हा त्याने हा तोडगा काढला होता. ती त्याच्यावर पहिल्यांदा भाळली ती तेव्हा. लग्नाच्या दिवशी नव्हे. घरी ते असं कधी करत नसत, चारचौघांत तर नाहीच. मुलीलाही हे ठाऊक नव्हतं. शी, उष्टं खाता, म्हणून तिने नाक मुरडलं असतं.

२

पहिला थांबा अकराच्या सुमाराला झाला. वळणावर एक पत्र्याची शेड, आत सहा टेबलं, त्यांवर लिंबांची चित्रं छापलेलं मेणकापड. पंखा दर फेऱ्याला एकदा कट्ट करून वाजायचा. मालकीण पन्नाशीची, कोपरापर्यंत पीठ माखलेली. म्हणजे नियमात बसणारी जागा. जीभबाई भिंतीला पाठ लावून बसली, कारण पाठीमागे कोणी असलेलं तिला खपत नसे. नवऱ्याने तळलेला मासा मागवला, तिने बटाटे आणि अंडी.

बटाटे फर्मास होते. दुसऱ्या घासाला तिने खोट काढायचा नाद सोडला. आपलं अर्धं संपवून तिने चमचा पालथा ठेवला. नवरा मात्र दुकानातल्या एका गिऱ्हाइकाची गोष्ट सांगण्यात रंगला होता. हा गृहस्थ तीन वर्षं बायकोचा चष्मा लावून हिंडत होता आणि जग धूसर झालं म्हणून सरकारला शिव्या घालत होता. चमचा नवऱ्याच्या हातात, हात हवेत.

तेवढ्यात मालकीण फडक्याला हात पुसत बाहेर आली. त्यांच्या टेबलाशी थांबली. तिने दोन्ही ताटं उचलली, एका हातावरून दुसरा हात नेला, आणि त्याचं हिच्यापुढे, हिचं त्याच्यापुढे ठेवलं.

"झालं की अर्धं," ती म्हणाली. "उगाच गार कशाला करताय?"

नवरा खूश झाला. "अरे वा! तुम्हाला कसं कळलं आमचं गुपित?"

मालकीण त्याच्याकडे बघत राहिली. निवांत, पायांपासून डोक्यापर्यंत, कापडाचा पोत बघावा तशी. मग हिच्याकडे वळून म्हणाली, "साहेबांची तब्येत छान राखलीत हो," आणि आत निघून गेली.

मासा उत्तम होता. तिला तो गिळवेना. पालथा चमचा बघून बाईने ओळखलं असेल, असं तिने स्वतःला समजावलं. पण पालथा होता एकच. आणि पालथा चमचा बघून जगातला कुठलाही शहाणा माणूस ताट उचलून नेईल, बदलणार नाही. कुठेतरी पाणी मुरत होतं.

३

"तुम्ही इथे आधी येऊन गेलात," गाडी रस्त्याला लागल्यावर ती म्हणाली.

"मी? कधी?"

"मार्चमध्ये भिंगांच्या कंपनीचं शिबिर होतं ना दोन दिवस."

"अगं, ते गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं. जेवण डब्यातून आलं होतं आणि भातात खडे होते. घरी येऊन मी अर्धा तास त्याच्यावर बोललो होतो!"

खोटं बोलताना नवऱ्याचे कान लाल होत. तिने कान बघितले. जसेच्या तसे. म्हणजे एक तर तो खरं बोलत होता, नाहीतर एकोणीस वर्षांत त्याने कानांना वळण लावलं होतं.

दुसरी बाई असती तर तिने भांडून घेतलं असतं, चार दिवस अबोला धरला असता, बहिणीकडे जाऊन रडली असती. पण ताटं? ताटं त्याने दुसऱ्या कोणाशी बदलली असतील, हा विचार तिला सोसवेना. तेवढं एकच तर होतं जे फक्त दोघांचं होतं.

दुसरी जागा तिने निवडली, डोळ्यांत तेल घालून. तळ्याकाठचं एक जुनं गॅरेज होतं, त्याची खाणावळ केलेली. छत उंच, भिंतींना अजून ग्रीसचा वास, लोखंडी खुर्च्या ओढल्या की फरशी किंचाळायची. वाढायला एक मिशाळ म्हातारा. तिने नवऱ्यावर नजर खिळवून ठेवली. म्हाताऱ्याने त्याला ओळख दिली की चोरी पकडलीच.

म्हाताऱ्याने नवऱ्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. त्याने भिंतीकडची खुर्ची तिच्यासाठी ओढली.

"बसा बाई. हीच ना तुमची?"

तिला वाटलं, सगळ्याच बायका भिंतीशी बसत असतील. तिने सूप मागवलं, नवऱ्याने पाव आणि घेवड्याची उसळ. सूप आलं. शेजारी बशीत चिमूटभर मीठ. तिने चमचा जिभेला लावला आणि तिथेच थांबली. सूप अळणी होतं. पदार्थ आधी बिनमिठाचा चाखायचा आणि मग आपल्या हाताने मीठ घालायचं, ही तिची कारखान्यातली खोड. पण आज ती हे सांगायलाच विसरली होती.

"बिनमिठाचं कोणी सांगितलं?" तिने विचारलं.

"तुम्हीच की," म्हातारा म्हणाला. "मागच्या वेळी नाही का, मी मीठ घातलं तर परत पाठवलंत."

"मागच्या वेळी म्हणजे?"

"महिना झाला असेल. एकट्याच होतात." म्हातारा आता नवऱ्याकडे वळला, चांगली आठवण सांगतोय अशा थाटात. "एकट्या, पण ताटं दोन मागवली. मला वाटलं, कोणी यायचंय. एक अर्धं खाल्लं, चमचा असा उपडा ठेवला. मग उठून समोरच्या खुर्चीपुढचं ताट इकडे घेतलं, इकडचं तिकडे ठेवलं. समोर कोणी नाही हो! आणि समोर बघून हसत होत्या. पाच-सहा वेळा केलं तसं. मी आपलं काही बोललो नाही. आपल्याला काय?"

खुर्ची ओढल्याचा आवाज झाला. नवरा मागे सरकून तिच्याकडे बघत होता.

४

मुक्कामाची खोली बेकरीच्या वर होती. दोन पलंग, एक खिडकी, भिंतीतून भट्टीची ऊब आणि खालून ट्रे सरकवल्याचे आवाज. संध्याकाळचे सात वाजले होते आणि दोघं दोन पलंगांवर समोरासमोर बसली होती.

"महिन्यापूर्वी तू बहिणीकडे होतीस ना?" नवऱ्याने विचारलं. आवाज मऊ होता. गिऱ्हाइकाला नंबर वाढलाय हे सांगताना तो याच आवाजात बोलायचा.

"होते. तिच्या ऑपरेशनला. तुम्हीच स्टेशनवर सोडलंत मला."

"स्टेशनवर सोडलं," तो म्हणाला. "हो, तेवढं मला माहीत आहे."

"मग फोन लावा तिला. आत्ता लावा."

"मी कशाला विचारू? माझा विश्वास आहे." तो पलंगाच्या कडेचा दोरा ओढत राहिला. "एकटीला यावंसं वाटलं असेल तर त्यात लाजण्यासारखं काय आहे? फक्त सांगायचंस. आणि ते समोर बघून हसणं म्हणजे… तुला बरं नाहीये का काही?"

तिला संताप आला, आणि त्याखाली भीती वाटली. दुपारपर्यंत ती सरकारी वकील होती, आता आरोपी झाली होती. खरं सांगायचं तर आरोप करणं सोपं होतं. ती डोकं चालवू लागली. तिच्यासारखी दिसणारी कोणी असू शकते. जगात सात माणसं एकसारखी असतात असं म्हणतात, चला, मानलं. पण बिनमिठाचं सूप? पालथा चमचा? की नवऱ्यानेच म्हाताऱ्याला पढवलं होतं? कशासाठी? आणि कधी? तो तर दिवसभर तिच्या नजरेसमोर होता.

"उद्या जागा मी निवडणार," ती म्हणाली. "तुम्हालाही आधी सांगणार नाही, स्वतःलाही नाही. आणि उद्या ताटं बदलायची नाहीत."

नवऱ्याने मान वर केली. त्याचा चेहरा पडला होता.

"मग जायचं तरी कशाला?" तो म्हणाला.

खाली बेकरीत कोणीतरी हसलं. ती उठली आणि दाराची कडी नीट लागली आहे ना ते पाहिलं.

५

दुसऱ्या दिवशी तिने खरंच डोळे मिटून घेतले. पन्नास मोजले आणि "डावीकडे!" म्हणून ओरडली. नवऱ्याने कचकन ब्रेक मारून गाडी वळवली. पुन्हा डोळे मिटले, पुन्हा "उजवीकडे!" अशा सात वळणांनंतर कच्च्या रस्त्याच्या टोकाला एक बसकं घर लागलं. ओसरीत तीन टेबलं, आत स्वयंपाकघर. या घराचा पत्ता त्यांनाही पाच मिनिटांपूर्वी ठाऊक नव्हता, मग दुसऱ्या कोणाला कुठून असणार?

मालक सत्तरीचा, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. चाचपडत चालायचा, पण चुलीपाशी हात सराईत. नवऱ्याने कोंबडी-भात मागवला, तिने मसुराची आमटी आणि पाव. आमटी मीठ घालूनच आली. तिला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. खारट आमटीने कोणी एवढं सुखावलं नसेल. दोघांनी आपापलं ताट आपापल्यापुढे ठेवून शेवटपर्यंत खाल्लं. नवरा खाली मान घालून जेवला.

मग त्याने मालकाला उजेडात बसवलं आणि खिशातली छोटी बॅटरी काढून त्याचे डोळे बघायला सुरुवात केली. "काका, हे पिकलंय आता. काढून टाका." त्याचं हे चालू असताना ती हात धुवायला मागे गेली.

मोरीच्या अलीकडे एक खोली होती. दार अर्धं उघडं. आत एकच टेबल, भिंतीला लावलेली एक खुर्ची, तिच्यासमोर दुसरी. टेबलावर दोन ताटं. एकात कोंबडी-भात, दुसऱ्यात मसुराची आमटी आणि पाव. दोन्ही अर्धी. दोन्ही चमचे पालथे.

आमटीतून वाफ येत होती.

ती दारात उभी राहिली. बाहेर नवऱ्याचा आवाज येत होता, "वर बघा, आता खाली." तिने आत पाऊल टाकलं आणि बोट आमटीत बुडवून जिभेला लावलं. तिला दुसरं काय येत होतं? आमटी गरम होती. आणि मीठ नंतर घातलेलं होतं, वरून, अगदी हवं तेवढं. आजवर तिच्या जिभेला पटेल असं मीठ घालणारं माणूस तिला भेटलं नव्हतं, तिच्या स्वतःशिवाय. तिने खोट शोधली. सापडली नाही.

"इथे कोण जेवत होतं?" बाहेर येऊन तिने मालकाला हळूच विचारलं. नवरा तेव्हा गाडीकडे गेला होता.

"कोण म्हणजे?" म्हाताऱ्याने आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं. "तुम्हीच ना? आवाज तर तुमचाच. विसरलात वाटतं काही आत?" मग त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. "का हो, मी मघाशी विचारलं ना, कोणी यायचंय का? तर म्हणालात, येतील. तोवर जरा हात बसवून घेते."

६

तिने नवऱ्याला काही सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. पण काय सांगणार होती? आणि तिच्या मनात एक फार वाईट विचार येऊन बसला होता. आपण सांगितलं आणि याने विचारलं, "कशी आहे गं ती?", तर?

"घरी जाऊ या," ती एवढंच म्हणाली.

"जाऊ," नवरा म्हणाला. "वाटेत एकदा थांबू. चारला काहीतरी पोटात गेलं नाही तर माझं डोकं धरतं, तुला माहीत आहे." थोड्या वेळाने तो पुन्हा म्हणाला, "अशी कोरडी सहल नको गं संपायला."

तिने मान हलवली. भीती आता थोडी मागे सरली होती आणि तिचा मूळचा स्वभाव वर आला होता. एकदा तिला डोळ्यांनी बघायचं. मग काय व्हायचं ते होवो.

हमरस्त्याला लागायच्या आधी एक मोठी खाणावळ लागली. चहाच्या वेळची गर्दी, ताटांचा खणखणाट, सहकुटुंब सहपरिवार मंडळी. मधे एक जाड खांब, त्याच्या आडोशाला टेबल. मागच्या भिंतीत स्वयंपाकघराची खिडकी. तिच्यातून हात येत आणि ताटं सरकवून परत जात. इतक्या लोकांत काय होणार आहे, असं तिला वाटलं. तिने पर्स खुर्चीला अडकवली. नवऱ्याने आमलेट मागवलं, तिने पॅटिस.

आज त्याने गोष्ट सांगितली नाही. मुकाट्याने अर्धं आमलेट खाल्लं, चमचा पालथा ठेवला आणि तिच्याकडे बघत थांबला. तिचा चमचा अजून हातात होता.

"दुपारचं जाऊ दे," तो म्हणाला. "आता बदलू या?"

त्याच्या मिशीला अंड्याचा कण लागला होता. तिला त्याची कीव आली, आणि त्याच्यावर मायाही आली. हा माणूस तिला फसवत नव्हता. कधीच नव्हता. तिने तिथेच बसून राहायला हवं होतं.

पण जीभबाईच ती. आपण उठलो तर याच्याजवळ कोण येतं, हे तिला बघायचं होतं. लपून, स्वतःच्या डोळ्यांनी, पुराव्यानिशी. तिने चमचा पालथा ठेवला.

"हात धुऊन आले," ती म्हणाली. "मग बदलू."

७

बोळातून ती मोरीकडे न जाता सरळ स्वयंपाकघरात शिरली. आत एकटी स्वयंपाकीण होती, साधारण तिच्याच वयाची. परक्या बाईला आत आलेलं बघून तिने हटकलं नाही. खिडकीपासून एक पाऊल बाजूला सरून तिने जागा करून दिली.

खिडकीतून नवरा समोर दिसत होता, पूर्ण. तिची खुर्ची खांबाआड होती. फक्त टेबलाची कड आणि खुर्चीचा हात दिसत होता. नवरा एकटाच बसला होता. त्याने मिशी पुसली. मग मान वर केली आणि हसून सरकून बसला, कोणाला तरी जागा करून द्यावी तसा.

खांबाआडून राखाडी स्वेटरची बाही पुढे आली. तिच्या अंगावर होता तसाच स्वेटर, मनगटाशी उसवलेला. हाताने दोन्ही ताटं धरली आणि बदलली. सफाईदार. थेंब सांडला नाही.

तिने हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. दहा पावलांवर होता तो. एक हाक पुरली असती. पण तिच्या मनाने हट्ट धरला. ओळखू दे की त्याला! एकोणीस वर्षं एका घरात काढली आहेत. लोकांच्या डोळ्यांतला केसाएवढा दोष याला दिसतो. ओळखेल. आता ओळखेल. त्याचं त्याला ओळखू दे.

नवऱ्याचा घास तोंडाशी थांबला. त्याने समोर निरखून बघितलं. चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा घातला आणि पुढे झुकला. ती खिडकीच्या फळीला घट्ट धरून उभी होती. ओळखलं, ओळखलं! तिच्या ओठांवर हसू फुटायच्या बेतात आलं.

खांबाआडून कोणीतरी काहीतरी बोललं. आणि नवरा हसला. गेल्या तीन-चार वर्षांत तो तसा हसला नव्हता. मान मागे टाकून, पोट धरून, आजूबाजूचे वळून बघतील असा. मग त्याने हात लांब करून त्या बाहीवरचा दोरा काढला आणि जमिनीवर झटकला.

दोघं उठली. पर्सचा पट्टा खांद्यावर चढलेला दिसला, आणि एक पाठ. फक्त पाठ. ती पाठ त्याच्याबरोबर दारातून बाहेर पडली.

"अहो!" तिने हाक मारली.

हॉलमधले तीन नवरे एकदम वळले. बाहेर, गाडीच्या दाराला हात लावून, तिचा नवराही थांबला. त्याने मागे बघितलं. त्याची नजर टेबलांवरून फिरत खांबापर्यंत आली.

"अहो, चला ना," गाडीतून कोणी म्हणालं. तिचाच आवाज होता. फक्त त्यात संशय नव्हता.

तो आत बसला.

ती धावली. बोळातून, टेबलांमधून, कोणाच्या तरी खुर्चीला अडखळून दारापर्यंत पोचली, तोवर गाडी हमरस्त्याला लागली होती. बाजूच्या काचेतून राखाडी कोपर बाहेर आलं होतं, अगदी आरामात. गाडी वळणावर दिसेनाशी झाली. मागे हॉलमध्ये ताटं वाजत होती, लोक जेवत होते.

स्वयंपाकीण तिच्यामागोमाग येऊन दारात उभी राहिली होती. ती रस्त्याकडेच बघत होती.

"तुम्ही पाहिलंत ना?" तिने स्वयंपाकिणीचा हात धरला. "ती मी नव्हते. तुम्ही पाहिलंत. सांगा ना त्यांना!"

"नव्हतातच," स्वयंपाकीण म्हणाली. तिने हात सोडवून घेतला नाही. "पण हाक आधी मारायची असते, बाई. मीही अशीच गप्प राहिले होते. म्हटलं, ओळखतील."